कंट्री रेकॉर्डींच्या क्लबची वर्गणी घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. टेक्सासात प्लेनोला राहणारं एक मराठी कुटुंब. दोन वर्षांपासून कंट्री संगीताची गोडी लागलेली. साठीनिमित्त मुलाने टर्नटेबल भेट दिला आणि आता दर महिन्याला एक रेकॉर्ड घरपोच पाठवणाऱ्या क्लबची ४५ डॉलरची वर्गणी घ्यावी की नाही, हा विचार चालू आहे. ओळखीतल्या कंट्रीप्रेमींनी मनात दोन शंका घातल्या आहेत. एक, हे क्लब हल्ली रेडिओवर रोज वाजणाऱ्या बड्या गायकांच्याच रेकॉर्डी पाठवतात, त्यात खरं कंट्री राहिलेलं नाही. दोन, क्लबची रेकॉर्ड पुढे विकायला गेलं तर कोणी विचारत नाही.

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. वर्गणी घ्या, पण तीन-चार महिन्यांची घ्या. वर्षाचे पैसे एकदम भरू नका. आणि क्लबने जाहीर केलेल्या नावावर "हा तर रेडिओवाला" म्हणून फुली मारण्याआधी तो अल्बम मुळात कोणत्या साली निघाला ते बघा. कंट्रीची रेकॉर्ड घ्यावी की नाही, हे गायकाच्या नावापेक्षा सालावरून जास्त चांगलं ठरतं.

मी नॅशव्हिलमध्ये जुन्या रेकॉर्डींच्या दुकानात बावीस वर्षं खरेदीच्या काउंटरवर आहे. लोक घरातल्या पेट्या उचलून आणतात. मी एकेक तबकडी दिव्याखाली तिरकी धरतो, चरे बघतो, लेबल बघतो आणि भाव सांगतो. मूळचा मी वसईचा. आमच्याकडे नाताळ जवळ आला की घराघरांतून जिम रीव्हजचा आवाज यायचा. वडिलांकडे त्याची एक एलपी होती, कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात तयार झालेली. ती डिसेंबरात कपाटातून निघायची आणि तीन राजांच्या सणानंतर परत आत जायची. वसई, वांद्रे, गोवा, जिथे जिथे आपली ख्रिस्ती कुटुंबं आहेत तिथे हा अमेरिकन गायक घरचा झाला होता. तो कंट्री गायक आहे हे मला नॅशव्हिलला आल्यावर कळलं. आणि त्याच्या काळात कित्येक कंट्रीप्रेमी त्याला कंट्री मानायलाच तयार नव्हते, हे त्याच्याही नंतर कळलं.

तुमच्या पहिल्या शंकेचं मूळ इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१९५० च्या दशकाच्या मध्याला रॉक अँड रोल आलं आणि तरुण पोरं तिकडे वळली. नॅशव्हिलच्या कंपन्यांना धंद्याची चिंता पडली. आरसीए या रेकॉर्ड कंपनीचे निर्माते चेट अॅटकिन्स आणि डेक्का कंपनीचे ओवेन ब्रॅडली या दोघांनी मग कंट्रीचा बाज बदलला. फिडल आणि पेडल स्टील गिटार मागे सरकले, त्यांच्या जागी मऊ व्हायोलिन, पियानो आणि मागून हळुवार साथ करणारा गायकवृंद आला. यालाच नॅशव्हिल साउंड म्हणतात. जिम रीव्हज मायक्रोफोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन, कानात बोलल्यासारखा गायचा. 'ही'ल हॅव टू गो' हे त्याचं गाणं १९५९ च्या ऑक्टोबरात आरसीएच्या स्टुडिओ बीमध्ये ध्वनिमुद्रित झालं. तो स्टुडिओ आजही आहे आणि आतून बघता येतो. पॅट्सी क्लाइनचं 'क्रेझी' १९६१ चं, ब्रॅडलीने केलेलं, आणि लिहिलेलं विली नेल्सनने. त्या वेळच्या जुन्या श्रोत्यांना हे शहरी, गुळगुळीत, बाजारू वाटलं. कंट्री विकलं, असं ते म्हणत. आज पॅट्सी क्लाइनची चांगली तबकडी आली की माझ्याकडे ती शनिवारपर्यंत टिकत नाही. आणि ती नेणारे बहुतेक जण स्वतःला जुन्या, अस्सल कंट्रीचे चाहते म्हणवतात.

मग १९७० च्या दशकात या गुळगुळीतपणाविरुद्ध बंड झालं. विली नेल्सन टेक्सासात परतला, वेलन जेनिंग्ज आपल्या मर्जीने ध्वनिमुद्रण करू लागला. पण १९७६ साली आरसीएने वेलन, विली, जेसी कोल्टर आणि टॉमपॉल ग्लेझर यांची बहुतांशी आधीचीच गाणी एकत्र करून 'वाँटेड! द आउटलॉज' काढला, आणि प्लॅटिनमचं (दहा लाख प्रतींच्या खपाचं) प्रमाणपत्र मिळालेला तो पहिला कंट्री अल्बम ठरला. बंडखोरांचा अल्बम त्या वेळी कंट्रीत सगळ्यांत जास्त खपणारा माल होता. कंपनीने बंड विकलं हे खरं, पण त्यामुळे त्यातली गाणी खोटी होत नाहीत.

तिसरं वळण तुमच्या ओळखीतल्यांना आठवत असेल. १९९१ च्या मे महिन्यापर्यंत बिलबोर्ड या अमेरिकन संगीत नियतकालिकाची, सगळ्यांत जास्त खपणाऱ्या अल्बमची यादी दुकानदारांना विचारून बनायची, आणि मोठ्या शहरांतल्या दुकानदारांच्या तोंडी रॉक आणि पॉपचीच नावं जास्त यायची. मग काउंटरवर बारकोड वाचून प्रत्यक्ष विक्री मोजायला सुरुवात झाली. चार महिन्यांत गार्थ ब्रुक्सचा 'रोपिन' द विंड' सगळ्या प्रकारांच्या संगीताच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर उतरला. कंट्रीच्या अल्बमने असं याआधी केलेलं नव्हतं. एवढे लोक कंट्री विकत घेतात हे कंपन्यांना तेव्हा आकड्यांत दिसलं. त्यानंतर जी लाट आली तिलाही "हे कंट्री नव्हे" म्हटलं गेलं, आणि आज पंचेचाळीस-पन्नाशीची गिऱ्हाइकं त्याच काळातल्या अॅलन जॅक्सनला आणि जॉर्ज स्ट्रेटला अस्सल म्हणून शोधत येतात.

याचा अर्थ जे खपतं ते सगळं चांगलं, असं मी म्हणत नाही. २०१० नंतरच्या काही वर्षांत ट्रक, बिअर, मातीचा रस्ता आणि मशीनवर वाजवलेला ठेका एवढ्यावर उभी असलेली गाणी ढिगाने आली. ती मला तेव्हाही आवडली नाहीत आणि आजही आवडत नाहीत. पण २०१५ च्या सीएमए (कंट्री म्युझिक असोसिएशन) पुरस्कारांत गायक ख्रिस स्टेपलटनला तीन पुरस्कार मिळाले, जस्टिन टिंबरलेकबरोबर तो मंचावर गायला, आणि 'ट्रॅव्हलर' हा अल्बम एका रात्रीत घरोघर गेला. तो मुख्य प्रवाहातलाच, नॅशव्हिलच्या मोठ्या कंपनीनेच काढलेला. क्लबने तो पाठवला तर नाक मुरडायचं कारण नाही. रेडिओवर वाजतो हे कारण धरून रेकॉर्ड नाकारणारा माणूस पॅट्सी क्लाइनलाही मुकला असता.

आता दुसरी शंका. क्लबच्या रेकॉर्डला किंमत नसते, ही समजूत कुठून आली? ती उगाच आलेली नाही. कोलंबिया कंपनीने १९५५ मध्ये टपालाने रेकॉर्डी पाठवणारा क्लब सुरू केला. आरसीएचाही होता. जवळ रेकॉर्डचं दुकान नाही अशा गावांतल्या, शेतांवरच्या माणसांना घरबसल्या तबकडी मिळू लागली. कंट्री ऐकणारा मोठा वर्ग नेमका तिथेच राहत होता. सभासद व्हायचं तर आधी एका सेंटमध्ये डझनभर रेकॉर्डी मिळत आणि पुढच्या काही वर्षांत पूर्ण भावाने ठरावीक रेकॉर्डी घ्याव्या लागत. दर महिन्याला एक कार्ड यायचं. ते "नको" लिहून वेळेत परत पाठवलं नाही की त्या महिन्याची रेकॉर्ड आणि बिल दोन्ही दारात. ही पद्धत इतकी पसरली की १९७३ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाला तिच्यासाठी वेगळा नियम करावा लागला.

या क्लबच्या प्रती बहुधा कारखान्यात वेगळ्या साच्यांतून दाबून काढलेल्या असायच्या. मागच्या बाजूला बारीक अक्षरात सीआरसी (कोलंबियाच्या क्लबची खूण) किंवा कोलंबिया हाउस लिहिलेलं, आरसीएच्या क्लबच्या प्रतीवर आर अक्षराने सुरू होणारा लांब क्रमांक, पुढच्या काळातल्या प्रतींवर अनेकदा बारकोडच नाही. साचे दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे, म्हणजे मूळ टेपच्या नकलेवरून बनवलेले, कव्हरचा पुठ्ठा कधी कधी पातळ. दुकानातली मूळ प्रत दहा डॉलरची असेल तर क्लबची चारची, हा काउंटरवरचा जुना रिवाज. मीही तो शिकलो आणि दोन वर्षं डोळे मिटून पाळला.

मग एक दिवस केंटकीच्या हद्दीजवळून एक बाई आल्या. यजमान पोस्टात होते, नुकतेच गेले होते. त्यांच्या दोन पेट्या रेकॉर्डी, प्रत्येक कव्हर प्लॅस्टिकमध्ये, प्रत्येक तबकडी स्वच्छ. मी क्लबच्या प्रती वेगळ्या काढून एक डॉलरच्या ढिगात टाकायला लागलो. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या वयस्कर सहकाऱ्याने माझा हात धरला आणि त्यातल्या सहा बाहेर काढल्या. "साल बघ," म्हणाला. सगळ्या १९९० आणि १९९१ च्या. त्या सहांचा भाव त्याने बाईंना सांगितला तो बाकीच्या दोन पेट्यांपेक्षा जास्त होता.

कारण असं. १९८० च्या दशकाच्या अखेरीला कंपन्यांनी दुकानांकडून न खपलेल्या एलपी परत घेणं आखडतं घेतलं. दुकानदाराला धोका नको, म्हणून त्याने एलपीचे कप्पे काढले आणि सीडी लावल्या. दोन-तीन वर्षांत दुकानातून तबकडी गेली. पण टपालाच्या क्लबांकडे अजून असे सभासद होते ज्यांच्या घरी सीडीचं यंत्र नव्हतं. त्यात कंट्रीचे सभासद पुष्कळ. त्यामुळे त्या दोन-तीन वर्षांतले कित्येक कंट्री अल्बम अमेरिकेत तबकडीवर निघाले ते फक्त क्लबमार्फत. दुकानातली मूळ प्रत अशी काही नव्हतीच. ज्या प्रतीला आम्ही कमअस्सल म्हणत होतो तीच एकमेव प्रत होती. आणि हे अल्बम होते कोणाचे? रेडिओवर दिवसरात्र वाजणाऱ्या, सगळ्यांत मोठ्या नावांचे. अनवट गायकांसाठी क्लबने साचा बनवला नसता.

ती दुपार मी विसरलेलो नाही. तेव्हापासून कोणी मला विचारलं की क्लबची रेकॉर्ड घेऊ का, तर मी उलट विचारतो: हा अल्बम क्लबखेरीज तबकडीवर मिळतो का? तुम्हीही एवढाच प्रश्न विचारा. त्याचं उत्तर काळाप्रमाणे बदलतं.

साधारण १९८५ च्या आधीचा अल्बम असेल, आणि गायक मोठा असेल, तर त्याच्या जुन्या प्रती अमाप आहेत. जॉनी कॅश, लोरेटा लिन, चार्ली प्राइड, कॉनवे ट्विटी, डॉली पार्टन यांच्या लाखो रेकॉर्डी निघाल्या आणि त्यातल्या पुष्कळ आजही पेट्यांमधून फिरतात. आमच्याकडे स्वच्छ प्रत पाच ते पंधरा डॉलरला मिळते. डॅलसच्या आसपासही हाच भाव असेल, टेक्सास हे कंट्रीचं घरच आहे. अशा अल्बमसाठी ४५ डॉलर देताना क्लबने जुन्या मूळ टेपपासून नव्याने कट केलाय का (म्हणजे तबकडीची खोबणी नव्याने कोरलीय का), कोणी केलाय, हे बघा. नुसती जाड तबकडी आणि चकचकीत कव्हर यासाठी देऊ नका. उलट गायक त्या काळातला पण कमी खपलेला असेल तर क्लबचं काम मोलाचं ठरतं, कारण त्याची जुनी स्वच्छ प्रत शोधताना माझ्यासारख्याचीही दमछाक होते.

१९८९ ते साधारण २००८ हा क्लबसाठी सगळ्यांत चांगला काळ आहे. या वीस वर्षांतले बहुतेक मोठे कंट्री अल्बम त्या वेळी सीडी आणि कॅसेटवरच निघाले. क्लबने त्यातला एखादा पहिल्यांदा तबकडीवर आणला तर तो घ्याच, गायक कितीही रेडिओवाला असू दे. इथे दोन गोष्टी सांगतो ज्या दुकानात फारसं कोणी सांगत नाही. पहिली, या काळातलं नॅशव्हिलचं पुष्कळ ध्वनिमुद्रण मुळातच डिजिटल आहे. एमसीए कंपनीचे जिमी बोवेन यांनी १९८० च्या दशकातच डिजिटल यंत्रांचा आग्रह धरला होता आणि शहरातले कितीतरी स्टुडिओ तिकडे वळले होते. त्यामुळे १९९० च्या अल्बमवर "सगळं अॅनालॉग" (म्हणजे कुठेही डिजिटल टप्पा नाही) असा शिक्का नसला तर बिचकू नका, तो बहुतेक वेळा असूच शकत नाही. दुसरी गोष्ट आणखी चांगली. सीडीवर सत्तरेक मिनिटं मावतात म्हणून त्या काळी रॉक आणि हिपहॉपचे अल्बम लांबत गेले. कंट्रीवाले मात्र दहा गाण्यांवरच राहिले. गार्थ ब्रुक्सच्या 'नो फेन्सेस'मध्ये दहाच गाणी आहेत. दहा गाणी म्हणजे पस्तीसेक मिनिटं, म्हणजे एका बाजूला सतरा-अठरा मिनिटं. तबकडीला याहून सोयीचं काही नाही. खोबणी ऐसपैस कापता येते, आवाज भरदार येतो, शेवटच्या गाण्यात फुटत नाही. तबकडी बाजारातून गेली होती तेव्हाचं हे संगीत तबकडीच्या मापाचंच होतं.

२०१२ नंतरचे बरेच अल्बम निघतानाच तबकडीवर निघतात. २०२२ मध्ये अमेरिकेत रेकॉर्डींच्या प्रती सीडीपेक्षा जास्त विकल्या गेल्या, १९८७ नंतर पहिल्यांदा. साहजिकच आता मोठ्या कंपन्या बड्या नावांचे अल्बम बहुधा एलपीवरही काढतात. म्हणून आजच्या बड्या नावाची रेकॉर्ड क्लबकडून घ्यायची गरज बहुधा नसते. ती मोठ्या दुकानात पंचवीस-तीस डॉलरला मिळते, क्लबची वेगळी असते ती रंगात. घ्यायच्या आधी गाण्यांची संख्या बघा. मॉर्गन वॉलनच्या २०२३ च्या 'वन थिंग अॅट अ टाइम'मध्ये छत्तीस गाणी आहेत, त्याच्या तीन तबकड्या होतात. एवढ्या वेळा उठून बाजू बदलायची तयारी आहे का, ते तुम्ही ठरवा. आणखी एक. तबकडी दाबायला काही महिने आधी गाणी द्यावी लागतात. बियॉन्सेचा 'काउबॉय कार्टर' २०२४ च्या मार्चमध्ये आला तेव्हा ऑनलाइन जी गाणी होती त्यातली काही पहिल्या एलपीवर नव्हती. माझ्याकडे कितीतरी लोक चिडून आले. त्यात फसवणूक नव्हती, कारखान्याचं वेळापत्रक होतं. तेव्हा मागे छापलेली यादी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

क्लबमधलेही प्रकार ध्यानात घ्या. रॉक गायक जॅक व्हाइटच्या थर्ड मॅन रेकॉर्ड्स या कंपनीचं नॅशव्हिलमधलं ठिकाण २००९ पासून आहे आणि तेव्हापासून त्यांची 'व्हॉल्ट' ही तीन महिन्यांनी येणारी वर्गणी चालते. ती खास कंट्रीची नाही. व्हिनाइल मी, प्लीज हा क्लब २०१३ चा. त्यांनी २०२१ मध्ये कंट्रीची वेगळी शाखा काढली, आणि तेव्हापासून "यात कोणाला घ्यावं" हा वाद आमच्या काउंटरवरही दर महिन्याला रंगायचा. एक महिना जुन्या गायकाचा आला की तरुण नाराज, आजचा आला की म्हातारे नाराज. मला विचाराल तर एका क्लबने दोघांना नाराज करणं हे चांगलं लक्षण आहे, कारण निवडणारा माणूस दोन्हीकडचं ऐकतोय.

पैसे आधी भरण्याबद्दल मी सुरुवातीला सांगितलं त्यामागे माझा स्वतःचा अनुभव आहे. एका क्लबला मी वर्षाचे पैसे एकदम दिले. चार रेकॉर्डी आल्या, मग महिना लांबला, मग दोन लांबले, मग उत्तरं येणं बंद झालं. रेकॉर्ड दाबणं, कव्हर छापणं, टपाल, सगळं उधारीवर चालणारा हा धंदा आहे आणि तो कधी ढेपाळेल सांगता येत नाही. दर महिन्याला जेवढं देता तेवढंच जोखमीत राहू द्या. नको त्या महिन्याची रेकॉर्ड बदलून दुसरी मागता येते का, तेही आधी विचारा. ती सोय असेल तर रेडिओवाल्यांचा वाद तुमच्यापुरता मिटतोच.

प्लेनोला राहता म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगतो, कारण तिच्यापायी चांगल्या रेकॉर्डी वाया जाताना मी पाहिल्या आहेत. जून ते सप्टेंबर पार्सल दाराबाहेर उन्हात राहू देऊ नका. तबकडीचं प्लॅस्टिक साठेक अंश सेल्सियसला मऊ व्हायला लागतं, आणि टेक्सासच्या उन्हात बंद गाडीत किंवा लोखंडी टपालपेटीत पारा तिथवर पोचायला दुपार पुरते. वाकलेली तबकडी पापडासारखी दिसते आणि सरळ होत नाही. पुष्कळ क्लब स्वस्त टपालाने पाठवतात, ते ट्रकमधून सावकाश येतं. जमलं तर पार्सल पोस्टातच अडवून ठेवायला सांगा आणि संध्याकाळी जाऊन आणा, किंवा ते तीन महिने वर्गणी थांबवा. घरी आली की बाहेरचं घट्ट प्लॅस्टिक काढून टाका. ते आवळत जातं आणि कव्हरसकट तबकडी वाकवतं. न फोडलेल्या प्रतीला जास्त भाव येतो म्हणून लोक ते ठेवतात, पण तुम्ही ऐकायला घेताय.

तबकडी हातात आली की लेबल आणि शेवटच्या गाण्यामधली गुळगुळीत जागा उजेडात बघा. तिथे कोरलेले आकडे आणि अक्षरं असतात. बऱ्याचदा कट करणाऱ्या इंजिनियरची आद्याक्षरं तिथेच सापडतात, हाताने कोरलेली. एखाद्याचं काम तुम्हाला आवडलं की ती अक्षरं ओळखीची होतील आणि पुढच्या वेळी क्लब कोणता यापेक्षा ती बघूनच तुम्ही रेकॉर्ड घ्याल. "मूळ टेपपासून" या जाहिरातीच्या शब्दांवर विसंबू नका. २०२२ च्या जुलैत उघड झालं की मोबाईल फिडेलिटी या नावाजलेल्या कंपनीच्या अनेक महागड्या रेकॉर्डींमध्ये मधला एक टप्पा डिजिटल होता आणि गिऱ्हाइकांना ते माहीत नव्हतं. कोर्टकचेरी झाली. गंमत म्हणजे त्या रेकॉर्डी ऐकायला सुंदरच होत्या. लोक दुखावले ते सांगितलं नाही म्हणून. १८० ग्रॅम वजनाचंही तसंच. जाड तबकडी हाताला छान लागते, आवाज त्याने सुधारतो असा माझा अनुभव नाही. रंगीत तबकडी चांगल्या कारखान्यातली असेल तर काळीइतकीच शांत वाजते. आत चित्र छापलेली मात्र खरखरते, ती भिंतीवर लावायला घ्या.

विकण्याच्या किमतीचं सरळ सांगतो. क्लबकडून घेतलेल्या दहा रेकॉर्डींपैकी सात-आठ मी तुमच्याकडून निम्म्याहून कमी भावात घेईन. कव्हरवर सोनेरी अक्षरात "हजारातली इतकी" असं छापलेलं असलं तरी. उरलेल्या दोन-तीन चढतात, आणि त्या बहुतेक वेळा नव्वदच्या दशकातल्या, आधी तबकडीवर न आलेल्याच असतात. तेव्हा पैसे फिटतील या हिशेबाने वर्गणी घेणार असाल तर घेऊ नका.

तुमच्या जागी मी असतो तर पहिल्या चार महिन्यांचे १८० डॉलर असे घातले असते. क्लबच्या पुढच्या दोन-तीन महिन्यांच्या रेकॉर्डी जाहीर झाल्या असतील. त्यात १९८९ ते २००८ मधलं काही असेल तर वर्गणी लगेच सुरू करा. नसेल तर थांबा, आणि तोवर एक शनिवार डॅलसमधल्या जुन्या रेकॉर्डींच्या दुकानात घालवा. वीस डॉलरमध्ये चार्ली प्राइडच्या एक-दोन एलपी आणि लोरेटा लिनची एक मिळायला हवी. लोरेटाबाईंचा २००४ चा 'व्हॅन लिअर रोझ' नवा मिळाला तर तोही घ्या. जॅक व्हाइटने केलेला तो अल्बम त्यांच्या सत्तरीतला आहे आणि घरातल्या तरुण मंडळींनाही आवडतो.

आणि विली नेल्सनचा १९७५ चा 'रेड हेडेड स्ट्रेंजर' घ्याच. कंपनीतल्या लोकांना तो कच्चं ध्वनिमुद्रण वाटला होता, इतका साधा आहे. गिटार, थोडा पियानो, हार्मोनिका आणि विलीचा आवाज. तो गारलंडमधल्या ऑटम साउंड स्टुडिओत झाला, म्हणजे तुमच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासाच्या आत. क्लबची नवी प्रत शोधू नका, कोलंबियाची जुनी प्रत दुकानात हमखास असते. मागच्या बाजूला सीआरसीची बारीक अक्षरं दिसली तर दुकानदाराला दाखवा आणि भाव कमी करून मागा, पण चरे नसतील तर घरी घेऊन या. वाजवून झाली की लेबलाजवळची अक्षरं मला लिहून पाठवा. कोणत्या कारखान्यातली आहे ते सांगेन.